टीचर, वडाखाली बसलं तर गुनाह होतो का?

२०२४ चा जून महिना. बकरी ईद होऊन चार दिवस झाले होते आणि शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा. २१ तारखेला शुक्रवार होता आणि त्याच दिवशी वटपौर्णिमा. सकाळी रिक्षातून शाळेत येताना वाटेत दोन ठिकाणी वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायका दिसल्या. नऊवारी, पैठण्या, हातात आंबे आणि फणसाचे गरे. नाक्यावर वडाच्या तोडलेल्या फांद्यांचे ढीग विकायला होते. ज्यांना झाडापर्यंत जायला वेळ नाही त्यांनी फांदी घरी न्यायची.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. जुम्मा असल्यामुळे शाळा लवकर सुटणार होती. शेवटच्या तासाला सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, आमच्या चाळीजवळ वड आहे. आम्ही रोज तिथं गोट्या खेळतो. आज तिथं पूजा झाली. आता तिथं बसलं तर गुनाह होतो का?"

वर्ग हसला. तो हसला नाही. कुणीतरी मोठ्या माणसाने त्याला तसं सांगितलं होतं, आणि खेळायची जागा जाणार म्हणून तो खरोखर काळजीत होता. मी त्याला म्हटलं, "सोमवारी सांगते."

सोमवारी मी त्याला थोडक्यात उत्तर दिलं. पण पूर्ण उत्तर शोधायला मला बरेच महिने लागले. या लेखात तेच लिहिते आहे. शेवटी माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

नावापासून सुरुवात करू. मराठीत वड, संस्कृतात वट आणि न्यग्रोध. न्यग्रोध म्हणजे खाली वाढणारा. पारंब्या पाहून ठेवलेलं नाव. उर्दूत आपण त्याला बरगद म्हणतो, जुन्या बोलीत बड. शास्त्रीय नावात 'बेंघालेन्सिस' हा शब्द आहे, तो लिनियसने १७५३ मध्ये दिला. इंग्रजांनी मात्र त्याला 'बनियन' म्हटलं, आणि या नावाची गोष्ट मोठी गमतीची आहे. इराणच्या किनाऱ्यावर बंदर अब्बास नावाचं बंदर आहे. सतराव्या शतकात तिथे गुजरातचे व्यापारी, म्हणजे वाणी, वस्तीला होते. तिथल्या एका मोठ्या वडाखाली ते जमायचे, तिथेच त्यांचं छोटं देऊळ होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या युरोपियनांनी त्या झाडाला वाण्यांचं झाड म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे जगातल्या सगळ्याच वडांना तेच नाव चिकटलं. आपण अंगात घालतो ते बनियनही याच 'वाणी' शब्दावरून आलं. हे सांगितल्यावर माझा वर्ग पाच मिनिटं हसत होता. पण यातून एक गोष्ट मुलांच्या लक्षात आली. मुस्लिम राज्याच्या बंदरात, हिंदू व्यापारी ज्या झाडाखाली बसत, त्यावरून ख्रिस्ती खलाशांनी दिलेलं हे नाव आहे. झाड एकच, बसणारे वेगवेगळे.

त्याच्याही कितीतरी आधी सिकंदराबरोबर आलेल्या ग्रीकांनी या झाडाची नोंद केली होती. फांद्यांतून मुळं सुटतात आणि जमिनीत रुजून खांब बनतात, हे त्यांना नवल वाटलं. थिओफ्रास्टस या ग्रीक अभ्यासकाच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात ते वर्णन आलं आहे. इंग्रज कवी मिल्टनने १६६७ च्या 'पॅराडाइज लॉस्ट' मध्ये आदम आणि हव्वा यांनी अंग झाकायला कुठल्या झाडाची पानं घेतली हे सांगताना मलबार आणि दख्खनमध्ये वाढणाऱ्या, पारंब्यांनी पसरणाऱ्या झाडाचं वर्णन केलं आहे. म्हणजे आपला वड. आदम-हव्वाची कथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते. त्यात दख्खनचं झाड कुणी आणून लावलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता जरा मागे, सम्राट अशोकाकडे जाऊ. अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावले, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, धर्मशाळा बांधल्या. हे पाठ्यपुस्तकात असतं आणि आपण पाठ करतो. पण हे आपल्याला कळलं कसं? अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात ते कोरलेलं आहे. हा सातवा लेख पूर्ण स्वरूपात एकाच स्तंभावर आहे. तो स्तंभ मुळात हरियाणातल्या टोपरा गावी होता. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशाह तुघलकाने तो दिल्लीला आणला.

शम्स-इ-सिराज अफीफ या इतिहासकाराने त्याचं बारीक वर्णन लिहून ठेवलं आहे. तो स्वतः तेव्हा बारा वर्षांचा होता. खांब आडवा पडताना तुटू नये म्हणून खाली सावरीच्या कापसाच्या गाद्या अंथरल्या. मग त्याला बोरू आणि कातड्यांत गुंडाळलं. बेचाळीस चाकांची गाडी केली, हजारो माणसांनी दोर ओढून खांब यमुनेच्या काठाला नेला आणि होड्यांवरून दिल्लीला आणला. फिरोजशाहने पंडितांना बोलावून त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली, पण ती लिपी वाचणारा कुणी उरला नव्हता. आपण काय वाहून आणतो आहोत हे सुलतानाला ठाऊक नव्हतं. तरी त्याने तो खांब फोडला नाही, आपल्या कोटल्यात मशिदीजवळ उभा केला. पुढे १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि खांबावरचे शब्द कळले. त्या शब्दांत सावलीच्या वडांचा उल्लेख होता.

एका बौद्ध राजाने वड लावल्याची नोंद एका मुस्लिम सुलतानाने कापसात गुंडाळून जपली आणि एका इंग्रज अधिकाऱ्याने ती वाचली. इतिहास आपल्यापर्यंत पुष्कळदा असाच येतो. ज्यांनी जपला त्यांना तो वाचता आला नव्हता, पण जपला.

दुसरी नोंद अल-बिरुनीची. गझनीच्या महमूदाच्या काळात हा विद्वान हिंदुस्तानात आला, संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्तानावरचा आपला ग्रंथ अरबीत पुरा केला. त्यात प्रयागला गंगा-यमुनेच्या संगमावर असलेल्या एका मोठ्या वडाचं वर्णन आहे. नाव तो 'वट' असंच लिहितो. या झाडाला दोन प्रकारच्या फांद्या असतात, एक इतर झाडांसारख्या वर जाणाऱ्या आणि दुसऱ्या मुळांसारख्या खाली येणाऱ्या, बिनपानांच्या, हे त्याने नीट पाहून लिहिलं. तिथे लोक मोक्षासाठी प्राण देतात हेही लिहिलं. त्याला ते पटत नव्हतं, पण त्याने झाडाला दूषण दिलं नाही आणि माणसांची टिंगलही केली नाही. जे पाहिलं-ऐकलं ते लिहिलं. पुढे १५८३ मध्ये अकबराने संगमावर किल्ला बांधायला घेतला. आज अक्षयवट म्हणून दाखवलं जाणारं झाड त्याच किल्ल्याच्या आत आहे.

अंबरनाथकरांसाठी एक हिशेब. आपल्याकडचं वालधुनीच्या काठावरचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. तिथल्या शिलालेखात शिलाहार राजा मामवाणीचं नाव आहे. म्हणजे अल-बिरुनीने वडाबद्दल अरबीत लिहिलं, त्यानंतर साधारण तीस वर्षांनी आपलं मंदिर पुरं झालं. मी मुलांना फळ्यावर दोन आकडे लिहून वजाबाकी करायला सांगते. अंबरनाथच्या मुलाला अल-बिरुनी परका वाटत नाही मग.

महाराष्ट्रातला माझ्या मते सगळ्यात बोलका वड पेमगिरीचा. संगमनेर तालुक्यात हे गाव आहे. तिथला वड अडीच-तीन एकरांवर पसरला आहे असं सांगतात. मूळ खोड कोणतं आणि पारंबी कोणती हे आत उभं राहून ओळखता येत नाही. वाघाशी झुंजून मेलेल्या एका धनगराच्या जागेवर हे झाड उभं आहे अशी गावात कथा आहे. झाडाखाली देवतांची ठाणी आहेत.

गावाजवळच पेमगिरीचा किल्ला आहे. १६३३ मध्ये मुघलांनी दौलताबाद घेतलं आणि अहमदनगरची निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा शहाजीराजे भोसल्यांनी निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा, मुर्तजा, शोधून काढला, पेमगिरीवर त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं राज्य चालवलं. एक मराठा सरदार एका मुस्लिम बालराजाला सांभाळत होता, आणि समोर लढायला होते दिल्लीचे मुस्लिम बादशहा शाहजहान. मुलं विचारतात, "टीचर, मग कोण कुणाच्या बाजूने होतं?" मी म्हणते, हाच प्रश्न तुम्ही प्रत्येक लढाईबद्दल विचारा, मोठ्या आवाजातल्या भाषणांना तुम्ही फसणार नाही.

या गोष्टीचा शेवट आपल्या ठाणे जिल्ह्यात झाला. १६३६ मध्ये मुघल आणि आदिलशाही फौजा मागे लागल्यावर शहाजीराजे माहुली किल्ल्यावर आले. आसनगावजवळचा माहुली. आपण कल्याणला गाडी बदलून कसारा लाइनला गेलो की खिडकीतून दिसणारे ते सुळके. तिथे वेढा पडला, तह झाला आणि तो मुलगा मुघलांच्या हवाली करावा लागला. पेमगिरीचा वड तेव्हा होता का, असल्यास केवढा होता, हे कुठल्या बखरीत नाही. पण त्या झाडाखाली उभं राहून किल्ल्याकडे पाहिलं की ही सगळी माणसं आठवतात, आणि माझ्यासाठी जुन्या झाडाचा उपयोग हाच आहे. ते आठवण ठेवायला जागा देतं.

सातारा जिल्ह्यात म्हसवे गावचा वडही एके काळी जगप्रसिद्ध होता. १८८२ च्या मोजणीत त्याच्या विस्ताराचा घेर १५८७ फूट भरला होता. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला वड अडीचशे वर्षांहून जुना. त्याच्या मूळ खोडाला वादळांनंतर बुरशी लागली आणि १९२५ मध्ये ते काढून टाकावं लागलं. आज तिथे तीन हजारांहून जास्त पारंब्या उभ्या आहेत आणि मधलं खोडच नाही. आंध्रातल्या तिम्मम्मा मर्रिमानूची नोंद १९८९ मध्ये गिनीज बुकात झाली. हवाई बेटांवर लाहायना गावी १८७३ मध्ये हिंदुस्तानातून आलेलं वडाचं रोप लावलं होतं. ऑगस्ट २०२३ च्या भीषण आगीत गाव जळालं, झाड होरपळलं, पण काही आठवड्यांनी त्याला पालवी फुटली.

मुस्लिम वाचकांसाठी सगळ्यात जवळचा वड मात्र तेलंगणातल्या महबूबनगरचा पिल्ललमर्री. तो सातशे वर्षांचा आहे असं सांगतात. जुन्या निजामाच्या राज्यातलं हे झाड, आणि त्याच्याखाली एका मुस्लिम अवलियाची मजार आहे. फातेहा वाचायला येणारे आणि नुसतं झाड पाहायला येणारे, सगळे एकाच सावलीत असतात. २०१८ मध्ये या झाडाला वाळवीने पोखरलं, तेव्हा त्याला सलाइनच्या बाटल्या लावून औषध दिलं होतं. वर्तमानपत्रातला तो फोटो मी वर्गात लावला होता. एवढ्या मोठ्या झाडाला थेंब-थेंब औषध द्यावं लागतं, हे पाहून मुलं गप्प झाली.

मुंबईचा शेअर बाजारही वडाखालचाच. १८५० च्या दशकात टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली काही गुजराती आणि पारशी दलाल जमायचे. त्यातून १८७५ मध्ये त्यांची संघटना झाली आणि आजचा मुंबई शेअर बाजार उभा राहिला. खेड्यात वडाला पार असतो, पारावर पंचायत बसते, परका मुसाफिर पाठ टेकतो, नवस बोलले जातात. संध्याकाळ झाली की तेच लोक त्या झाडाला घाबरतात. आमची दादी मगरिबच्या अजाननंतर वडाखाली जाऊ द्यायची नाही, तिथे जिन्नात असतात म्हणून. शेजारच्या काकू त्यांच्या मुलांना पिंपळावरचा मुंजा दाखवायच्या. दोघींच्या भीतीचा वेळ एकच होता, साडेसात.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येते.

इस्लामच्या इतिहासात एक फार प्रसिद्ध झाड आहे. हिजरी सन ६ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२८ ला, हुदैबिया इथे एका झाडाखाली सुमारे चौदाशे सहाबांनी पैगंबरांच्या हातावर बैअत केली. कुरआनात सूरह फतहमध्ये त्या झाडाचा उल्लेख आहे. काही रिवायतींप्रमाणे पुढे लोक त्या झाडापाशी मुद्दाम जाऊन नमाज पढू लागले, तेव्हा हजरत उमर यांनी ते झाड तोडायला लावलं. दुसऱ्या रिवायतीत असं आहे की पुढच्याच वर्षी सहाबांना ते झाड नेमकं कोणतं हे ओळखता आलं नाही. माझ्या ओळखीचे काही लोक पहिल्या रिवायतीचा आधार देऊन म्हणतात की ज्या झाडाची पूजा होते त्यापासून लांबच राहावं.

मी आलिमा नाही, शिक्षिका आहे. पण एवढं मला दिसतं की त्या गोष्टीत चिंता माणसांच्या अकीद्याची होती, झाडाशी वैर नव्हतं. त्याच धर्मात सांगितलं आहे की मुसलमानाने लावलेल्या झाडाचं पाखराने खाल्लं, जनावराने खाल्लं, माणसाने खाल्लं, तरी लावणाऱ्याला सदक्याचं पुण्य मिळतं. कयामत समोर आली आणि हातात रोप असेल तर तेही लावून टाका, अशी हदीस मुसनद अहमदमध्ये आहे. हजरत अबू बक्र यांनी फौजेला निघताना फळझाडं तोडू नका अशी ताकीद दिली होती. वडाची बारीक लाल फळं आपण खात नाही, पण पाखरं खातात, वटवाघळं खातात, आणि त्यांच्या विष्ठेतूनच नवे वड भिंतींवर आणि दुसऱ्या झाडांवर उगवतात. सदक्याचा हिशेब लावायचा तर वडाएवढा दाता दुसरा नाही.

म्हणून सोमवारी मी त्या मुलाला म्हटलं, "बेटा, पूजा ही त्या मावशींची इबादत आहे, तुझी नाही. सावली अल्लाहची आहे. तू गोट्या खेळ. फक्त त्यांनी बांधलेला धागा तोडू नकोस आणि त्यांनी ठेवलेल्या आंब्यावर डोळा ठेवू नकोस." आंब्याच्या वाक्यावर तो पहिल्यांदा हसला, त्यावरून मला काय समजायचं ते समजलं.

हेच मी ओळखीच्या एका मराठी शाळेतल्या बाईंना सांगितलं. त्या दरवर्षी वटपौर्णिमा करतात. त्या म्हणाल्या, "आम्ही वर्षातून एकदा सात फेऱ्या मारतो. तुमची मुलं रोज मारतात. झाडाला विचारलं तर ते कुणाचं नाव घेईल?" मग स्वतःच म्हणाल्या की या वर्षीपासून त्या बाजारातली तोडलेली फांदी आणणार नाहीत. ज्याच्यापाशी नवऱ्यासाठी आयुष्य मागायचं त्याचाच हात तोडून आणायचा, हे त्यांना पटत नव्हतं.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता माझी चूक.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांपैकी एकात, माझ्या रोजच्या वाटेवर एक वड होता. शहर कुठलं ते लिहीत नाही. झाड फार मोठं नव्हतं, पण पारंब्या जमिनीला टेकलेल्या होत्या. एका बाजूला शेंदूर लावलेला दगड, दुसऱ्या बाजूला गॅरेजवाल्या पोरांचा बाक. २०२२ च्या हिवाळ्यात त्या खोडावर एक कागद चिकटवलेला दिसला. रस्ता रुंद करायचा आहे, झाड काढायचं आहे, हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवा. कागदावर झाडाचं अंदाजे वय लिहिलं होतं, ४५ वर्षे.

कायदा मला माहीत होता. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात बदल झाला. पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड असेल तर ते वारसा वृक्ष, हेरिटेज ट्री. आणि झाड तोडायचंच झालं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. म्हणजे त्या कागदावरच्या आकड्याला फार महत्त्व होतं. पंचेचाळीस आणि पन्नास यांच्यामध्ये त्या झाडाचा जीव अडकला होता.

वडाचं वय सांगणं अवघड असतं हे खरं आहे. सागाची वलयं मोजता येतात, वडाची तशी भरवशाने मोजता येत नाहीत. पारंब्या खोडाला मिळत जातात, मूळ खोड आतून पोकळ होतं किंवा नाहीसंच होतं. म्हणून देशातल्या प्रत्येक मोठ्या वडाचं वय 'सांगतात' या शब्दाने सांगावं लागतं. मग पुरावा कुठला? माणसांची आठवण.

ती आठवण माझ्याजवळ होती. आमच्या ओळखीचे एक सिंधी अंकल आहेत, वय ऐंशीच्या पुढे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं होतं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथे नव्या वस्तीची कोनशिला बसवली आणि उल्हासनगर हे नाव पडलं. अंकल तेव्हा लहान होते. त्यांनी मला कितीतरी वेळा सांगितलं होतं की ते भावाबरोबर दुधासाठी छावणीतून पायी यायचे आणि याच वडाच्या पारंबीला लोंबकळायचे. १९४८-४९ मध्ये ज्याच्या पारंबीला दोन मुलं लोंबकळू शकत होती, ते झाड २०२२ मध्ये ४५ वर्षांचं कसं असेल? पंच्याहत्तरच्या खाली तर नक्कीच नाही.

एवढंच एका कागदावर लिहून, खाली अंकलची सही घेऊन, द्यायचं होतं. सात दिवस होते. मी नाही दिलं.

कारण खरं सांगते. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, हे कारण मी घरी सांगितलं. आतलं कारण वेगळं होतं. हिजाब घातलेली बाई शेंदूर लावलेल्या झाडासाठी अर्ज घेऊन जाणार, तर त्या बाजूचे म्हणतील हिला काय पडलंय, यात काही डाव असेल. आपल्या बाजूचे म्हणतील टीचर आता वडाची पूजा वाचवायला निघाल्या. दोन्हीकडून बोलणी खायची हिंमत मला झाली नाही. आपल्याकडे म्हण आहे, वडाची साल पिंपळाला. एकाचं दुसऱ्याला चिकटवणं. मी तेच केलं होतं. झाडाचा प्रश्न होता, तो मी धर्माला नेऊन चिकटवला, आणि सात दिवस गेले.

आठव्या की नवव्या दिवशी करवतीचा आवाज आला. दुपारी तिथून गेले तर शेंदराचा दगड कुणीतरी आदराने उचलून बाजूला ठेवला होता. गॅरेजच्या पोरांनी बाक हलवला होता. कापलेल्या खोडातून पांढरा चीक वाहत होता. अंकलना मी आठवडाभर सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बेटी, सिंधचं घर सोडताना मला कळत नव्हतं. ह्या वेळी कळलं." आणि मग, "मला विचारायला कुणी आलंच नाही."

माझ्या मनाला लागलं ते हे दुसरं वाक्य. कार्यालयातून कुणी गेलं नाही हे खरं, पण मीही गेले नाही. मला तर घर माहीत होतं.

म्हणून २०२४ मध्ये त्या मुलाने प्रश्न विचारला तेव्हा तो मला फक्त मसल्याचा प्रश्न वाटला नाही. 'वडाखाली बसणं आपलं आहे की नाही' असंच तो विचारत होता, आणि त्याच प्रश्नाला दोन वर्षांपूर्वी मी चुकीचं उत्तर दिलं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी सातवीच्या मुलांना एक काम दिलं. प्रत्येकाने आपल्या घराजवळचा जुना वड, पिंपळ किंवा चिंच शोधायची. जमिनीपासून साडेचार फुटांवर सुतळी गुंडाळून घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. मग त्या झाडाजवळच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारायचे: तुम्ही हे झाड पहिल्यांदा कधी पाहिलं? तेव्हा केवढं होतं? त्याखाली काय चालायचं? उत्तराखाली त्यांची सही किंवा अंगठा आणि तारीख घ्यायची.

मुलांनी एकवीस झाडं आणली, त्यात नऊ वड. एका वडाच्या बुंध्याभोवती फरशी आणि सिमेंट इतकं घट्ट केलं होतं की सुतळी मागून घालायलाच जागा नव्हती. तेव्हा मी त्यांना लंडी कोतलच्या झाडाची गोष्ट सांगितली. खैबर खिंडीजवळच्या त्या छावणीत १८९८ मध्ये एका नशेतल्या इंग्रज अधिकाऱ्याला झाड आपल्याकडे चालत येतंय असं वाटलं आणि त्याने त्याला अटक करायचा हुकूम दिला, असं सांगतात. ते झाड आजही साखळ्यांनी बांधलेलं आहे. एक मुलगी म्हणाली, "टीचर, आपलं पण अटकेत आहे, फक्त टाइल्स चांगल्या आहेत."

म्हाताऱ्या माणसांच्या उत्तरांत नमाजी आजोबा होते, आगरी आजी होत्या, सिंधी अंकल होते, ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका होते. एका आजींनी लिहून दिलं की त्यांचं लग्न ठरवायची बैठक याच वडाखाली झाली आणि त्या घरातून लपून पाहत होत्या. तारीख नव्हती, पण त्यांच्या थोरल्या मुलाचं वय होतं. त्यावरून झाडाला साठ वर्षं सहज मिळाली.

ती वही आता शाळेत आहे. उद्या यातल्या एखाद्या झाडावर कागद चिकटला, तर सात दिवसांपैकी पहिल्या दिवशी द्यायला आमच्याजवळ काहीतरी लिहिलेलं असेल. झाड वाचेलच असं नाही. पण त्याचं वय कुणी मनाने लिहिणार नाही.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. तुमच्या वाटेवरच्या वडाचा घेर एकदा मोजा आणि जवळच्या म्हाताऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोला. तारखेसह लिहून ठेवा. तुम्ही त्याला सूत बांधत असाल किंवा नसाल, त्याने फरक पडत नाही.

तो मुलगा आता नववीत जाईल. गोट्या सुटल्या, आता त्याच वडाखाली मोबाइल घेऊन बसतो. वहीतला पहिला वड त्याचाच आहे. घेर अकरा फूट चार इंच.